राजीनामा नको, रजा मागा : घरात हिंसा सोसणाऱ्या नोकरदार बाईसाठी बडोद्यातली वाट

बडोद्याच्या मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात मी टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी-रजेचा हिशेब ठेवायला होते तेव्हाची गोष्ट. पॅकिंगमधली एक बाई सोमवारी सकाळी राजीनामा देऊन निघून गेली. कारण लिहिलं होतं, ‘घरगुती अडचण’. मानेवरचा वळ तिने ओढणीने झाकला होता, तरी तो आम्हा सगळ्यांना दिसला होता. हिशेब काढायला तिचं रजेचं कार्ड माझ्या टेबलावर आलं. त्यावर २६ पीएल (साचलेली हक्काची पगारी रजा) आणि ५ सीएल (अचानक लागणारी किरकोळ रजा) शिल्लक होत्या. महिनाभर पगार चालू ठेवून तिला वकील गाठता आला असता, खोली बघता आली असती, मुलाची शाळा बदलता आली असती. हे तिला कुणीच सांगितलं नाही. मीसुद्धा नाही, कारण रजा म्हणजे लग्न, आजारपण आणि दिवाळी, एवढंच तेव्हा माझ्या डोक्यात होतं.

पुढे एचआरमध्ये बसू लागल्यावर अशा काही जणींबरोबर दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात, सयाजी हॉस्पिटलमध्ये आणि कंपनीच्या गेटवर उभं राहायची वेळ आली. त्यातून जे कळत गेलं ते क्रमाने सांगते. आत्ता जिवाला धोका असेल तर मात्र वाचत बसू नका. ११२ (पोलीस) किंवा १८१ अभयम (महिला हेल्पलाइन) ला फोन करा आणि बाहेर पडा. मस्टरवरची गैरहजेरी नंतर दुरुस्त करून घेता येते.

कायद्यात काय आहे आणि काय नाही

घरगुती हिंसाचारासाठी म्हणून वेगळी पगारी रजा आपल्या कामगार कायद्यांत नाही. फिलिपिन्समध्ये २००४ पासून अशी १० दिवसांची पगारी रजा आहे. न्यूझीलंडने १ एप्रिल २०१९ पासून १० दिवस दिले. ऑस्ट्रेलियात १ फेब्रुवारी २०२३ पासून १० दिवस मिळतात, रोजंदारीवरच्या बाईलाही, आणि छोट्या मालकांना तोच नियम त्याच वर्षी १ ऑगस्टपासून लागू झाला. तिथल्या नियमातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पगाराच्या स्लिपवर या रजेचं नाव छापायला मनाई आहे, कारण स्लिप घरी जाते आणि घरात ती कोण वाचेल हे सांगता येत नाही. नियम करणाऱ्यांनी अशा घराचा खरोखर विचार केला होता.

आपल्याकडे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात, चौकशी चालू असताना तक्रारदार बाईला ३ महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, तीही तिच्या हक्काच्या रजेव्यतिरिक्त. म्हणजे हिंसा सोसणाऱ्या बाईला वेळ लागतो हे आपल्या कायद्याला मान्य आहे. तीच हिंसा घराच्या उंबऱ्याआत झाली तर मात्र रजेबाबत तो गप्प बसतो. २०१९च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९० क्रमांकाच्या करारात घरच्या हिंसेचा कामावर होणारा परिणाम ओळखायला सांगितलं आहे. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

म्हणून आपल्याला ही रजा आहे त्या रजांमधून जोडून काढावी लागते. ते जमतं.

रजा घरी कळू देऊ नका

रजा म्हणजे घरी राहणं, ही आपली सवय. इथे ती मोडावी लागते, कारण ज्या घरातून वाट काढायची त्याच घरी ‘आज मला सुट्टी आहे’ असं सांगितलं की तो दिवस वाया गेला, कदाचित मारही खाल्ला. रजेच्या दिवशीही रोजच्या वेळी उठा, डबा भरा, कंपनीचा ड्रेस घाला, रोजच्याच बसने निघा आणि रोजच्याच वेळी परत या. नोकरदार बाईच्या हातात ही एक गोष्ट आहे जी घरात असणाऱ्या बाईकडे नाही. रोज आठ-नऊ तास ती कुठे आहे हे कुणी विचारत नाही.

फोनचं लोकेशन नवऱ्याला दिसत असेल तर ते अचानक बंद करू नका, संशय येतो. फोन कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवून निघालात तर तो मकरपुऱ्यातच दिसत राहील. त्या दिवसापुरता विश्वासातल्या मैत्रिणीचा फोन बरोबर घ्या. रजा मंजूर झाल्याचा मेसेज कोणत्या नंबरवर जातो तेही आधी टाइम ऑफिसला विचारा. आमच्याकडे एकीच्या बाबतीत तो नवऱ्याच्या नंबरवर गेला होता, कारण नोकरीला लागताना तिच्याकडे स्वतःचा फोन नव्हता आणि नंतर ती नोंद कुणी बदललीच नाही.

काही साहेब चांगल्या मनाने सांगतात, ‘आठवडाभर घरून काम कर, आराम पडेल.’ नको म्हणा. घरून काम म्हणजे मारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दिवसभर बसणं.

शिल्लक मोजा

पहिलं काम, आपल्या खात्यावर किती रजा आहेत ते बघा. पगाराच्या स्लिपवर किंवा हजेरीच्या अ‍ॅपवर असतं, नसेल तर टाइम ऑफिसात विचारायला कारण लागत नाही.

गुजरातच्या २०१९च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ पगारी सीएल आहेत आणि वर्षात २४० दिवस काम झालं की दर २० दिवसांमागे १ पगारी रजा. तुमच्या आस्थापनेत माणसं किती यावर तो लागू होणं अवलंबून आहे. कारखान्यांत १९४८च्या कायद्याने हाच दर २० दिवसांमागे १ रजेचा हिशेब होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितेत त्यासाठीची अट २४० वरून १८० दिवसांवर आली आहे. कंत्राटदाराकडून काम करत असाल तरी ही रजा साचते, फक्त ती मागायची कंत्राटदाराकडे. तो ‘आमच्याकडे रजा नसते’ म्हणाला तर मुख्य कंपनीच्या एचआरला भेटा.

सीएल आणि पीएल एकत्र उधळू नका. पीएलला बहुतेक ठिकाणी आधी अर्ज द्यावा लागतो, कारखान्यांत १५ दिवस आधी द्यायची रीत आहे. म्हणून ठरवून करायच्या गोष्टींना, म्हणजे घर सोडणं, मुलांची शाळा, सामान हलवणं, यांना पीएल लावा. सीएल राखून ठेवा. कोर्टाच्या तारखा अचानक पडतात, पुढे जातात, पुन्हा पडतात, आणि त्या वेळी हाताशी सीएलच लागते. कंपनी हाफ डे देत असेल तर तोच घ्या. समुपदेशकाची भेट, वकिलाची भेट, बँक ही सगळी अर्ध्या दिवसाची कामं आहेत. पाच सीएलचे दहा हाफ डे होतात, आणि त्यात निम्मी वाट चालून होते.

रेल्वेत किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत असाल तर १८ वर्षांखालच्या मुलांसाठीची बालसंगोपन रजा विसरू नका. सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवस, त्यातल्या पहिल्या ३६५ दिवसांना पूर्ण पगार आणि पुढच्या ३६५ ना ८० टक्के. प्रतापनगरच्या रेल्वे ऑफिसात काम करणाऱ्या बाईला मुलांना घेऊन घर सोडायचं असेल तर हाच तिचा सगळ्यात मोठा साठा.

दुखापत असेल तेव्हा

महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांची ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जाते. कामावर झालेली इजा वेगळ्या खान्यात जाते, पण घरी झालेली इजा आजारपणात मोडते. त्याचा लाभ वर्षात ९१ दिवसांपर्यंत, सरासरी मजुरीच्या ७० टक्के. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. पहिल्या दोन दिवसांचे पैसे ईएसआय देत नाही, म्हणून त्या दोन दिवसांना सीएल लावा. हा लाभ चालू असताना मालकाला तुम्हाला कामावरून काढता येत नाही. झोप उडणं, धडधड, जेवण न जाणं हेही डॉक्टरला सांगा. तोही आजारच आहे.

आता या लेखातली सगळ्यात कळकळीची सूचना. खोटं मेडिकल सर्टिफिकेट घेऊ नका. लाजेपोटी बायका ‘जिन्यावरून पडले’ सांगतात, किंवा ओळखीच्या डॉक्टरकडून तापाचा कागद आणतात. रजा मिळते, पण तो कागद कंपनीच्या फाइलीत राहतो. दोन वर्षांनी कोर्टात तुम्ही म्हणता की १२ तारखेला मला मारलं, आणि समोरचा वकील १२ तारखेचा तापाचा कागद काढून दाखवतो. डॉक्टरला खरं सांगा. सयाजी हॉस्पिटलमध्ये गेलात तर मेडिको-लीगल केस, म्हणजे कोर्टात चालणारी दुखापतीची नोंद, करायला सांगा आणि कागदाची प्रत घ्या. आधी कुठे तक्रार नोंदवलेली नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, तसं २००५च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात आणि त्याच्या नियमांत लिहिलेलं आहे. कंपनीला द्यायच्या सर्टिफिकेटवर कारण तपशिलात असण्याची गरज नाही. ‘इतके दिवस विश्रांती आवश्यक’ एवढं पुरतं, आणि ते खोटंही नसतं.

कुणाला सांगायचं, किती सांगायचं

बडोद्यातला मराठी समाज छोटा. दांडिया बाजारात सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत रावपुऱ्यात पोचतं. त्याच कंपनीत दिराचा मित्र असतो, मंडळात सासूची बहीण असते. म्हणून गोष्ट एकाच माणसाला सांगा आणि तो नीट निवडा. सुपरवायझरला रजेच्या तारखा कळल्या की झालं. कारण फक्त एचआरमधल्या एकाला, शक्यतो बाईला. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कंपनीत जी अंतर्गत समिती असते तिची अध्यक्ष बाईच असते, आणि गुप्तता पाळणं तिच्या अंगवळणी पडलेलं असतं. घरची तक्रार त्या समितीच्या कक्षेत येत नाही, पण विश्वासाने सांगायला ती जागा चांगली.

तोंडी सांगताना सुरुवात जड जाते. एका बाईने मला एवढंच म्हटलं होतं, ‘ताई, मला घरी मारतात आणि मला नोकरी सोडायची नाही.’ यापेक्षा जास्त काही लागत नाही. कधीपासून, का, तू काय केलंस, असले प्रश्न समोरून आले तर ‘ते मी वकिलाला सांगेन, मला आत्ता रजेबद्दल बोलायचं आहे’ असं सरळ म्हणा.

अर्ज

मी आता सगळ्यांना साधारण असा अर्ज लिहून देते. गुजरातीत किंवा इंग्रजीत करून घेतला तरी चालेल.

‘माझ्या वैयक्तिक सुरक्षिततेशी संबंधित कौटुंबिक व कायदेशीर कामासाठी मला दिनांक … ते … अशी … दिवसांची रजा हवी आहे. ती माझ्या खात्यावरील पीएलमधून मंजूर करावी. शिल्लक कमी पडल्यास उरलेले दिवस विनापगारी रजा धरावेत, गैरहजेरी धरू नये. तपशील मी … यांना तोंडी सांगितला आहे, तो गोपनीय ठेवावा. माझी हजेरी, शिफ्ट, रजा किंवा पत्ता यांची माहिती माझ्या घरच्या कोणासही फोनवर किंवा प्रत्यक्ष देऊ नये.’

यातला ‘सुरक्षितता’ हा शब्द काढू नका. पुढे कधी कंपनीने कामावरून काढायचा प्रयत्न केला, तर त्यांना त्या तारखेला हे माहीत होतं हे त्या एका शब्दाने सिद्ध होतं. ‘घरगुती अडचण’ असं लिहिलेल्या अर्जाला नंतर काहीच वजन राहत नाही. ‘गैरहजेरी धरू नये’ हेही महत्त्वाचं. सलग आठ-दहा दिवस न कळवता गैरहजर राहणं बहुतेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत (नोकरीच्या नियमावलीत) गैरवर्तन ठरतं, नोकरीवरचा हक्कही जाऊ शकतो. विनापगारी रजा मंजूर असली तर तसं होत नाही.

रात्री घर सोडावं लागलं आणि अर्ज द्यायला वेळच मिळाला नाही, तर सकाळी सुपरवायझरला एक ओळ पाठवा : ‘सुरक्षिततेच्या कारणाने आज येऊ शकत नाही, रजा धरावी, अर्ज नंतर देते.’ कुणाच्याही फोनवरून, पण पाठवा.

लेखी अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ती प्रत घरी नेऊ नका.

रजेच्या दिवशी कुठे जायचं

पहिला हाफ डे १८१ अभयमसाठी ठेवा. गुजरातभर ही सेवा २०१५ पासून आहे, दिवसरात्र आणि फुकट. फोनवर समुपदेशक बोलते, आणि गरज असेल तर समुपदेशक आणि महिला पोलीस गाडी घेऊन येतात. कंपनीच्या फोनवरून केलात तर तुमच्या कॉल यादीत तो राहत नाही. सखी वन स्टॉप सेंटरमध्ये पोलीस, वकील, डॉक्टर आणि समुपदेशन यांची सांगड एका जागी घालून देतात, आणि साधारण पाच दिवस राहताही येतं. समुपदेशक आधी ‘समाधाना’चं बोलली तर घाबरू नका. तुम्हाला नको असेल तर नको म्हणायचा तुमचा हक्क आहे.

दुसरा हाफ डे रक्षण अधिकाऱ्यासाठी, म्हणजे २००५च्या कायद्याखाली बाईच्या मदतीला नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्यासाठी. गुजरातमध्ये हाच अधिकारी दहेज प्रतिबंधक अधिकारीही असतो, त्यामुळे पाटीवर लांबलचक नाव दिसेल. तिथे घरगुती घटनेचा अहवाल भरला जातो. तो गुजरातीत असेल, भरून झाल्यावर वाचून दाखवायला सांगा आणि मगच सही करा. त्या नमुन्यात आर्थिक हिंसेचा भाग आहे. नोकरी करू न देणं, चालू नोकरीत अडथळा आणणं, पगार काढून घेणं हे सगळं तिथे लिहिता येतं. मारहाणीबद्दल बोलताना बायका हे सांगायचंच विसरतात. एटीएम कार्ड सासूकडे असतं, पाच तारखेला पैसे काढून घेतले जातात, आणि आपल्याला ती हिंसा वाटतही नाही. कायद्याला वाटते.

२००५चा हा कायदा फक्त बायकोसाठी नाही. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, लग्नाशिवाय एकत्र राहणारी बाई, सगळ्यांसाठी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांप्रमाणे सासू-नणंदेविरुद्धही अर्ज करता येतो. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुमचा राहण्याचा हक्क आपोआप जात नाही, हे २०२०च्या निकालाने स्पष्ट झालं.

तिसरा हाफ डे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. १९८७च्या कायद्याने बाईला फुकट वकील मिळतो आणि त्यासाठी तिचा पगार बघितला जात नाही. हेल्पलाइन १५१००. ‘तू कमावतेस, तुला फुकट वकील कसा’ असं कुणी म्हटलं तर ते चूक आहे.

अर्ज कोणत्या गावात करायचा हा निर्णय रजेशी बांधलेला आहे. तुम्ही कायमच्या किंवा तात्पुरत्या जिथे राहता, किंवा जिथे नोकरी करता, तिथल्या मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. मार खाल्लेली बाई माहेरी जाते, आणि आपल्यातल्या कितीतरी जणींचं माहेर पुणे, सांगली, जळगावकडे असतं. भाऊ तिथेच वकील बघतो. मग दर तारखेला बडोदा ते सांगली, म्हणजे येऊन-जाऊन तीन दिवस, आणि सहा महिन्यांत रजा संपून नोकरी जाते. नोकरी ठेवायची असेल तर अर्ज बडोद्यात करा. दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात सकाळी हजेरी लावून दुपारच्या शिफ्टला पोचता येतं. कायद्यात पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत व्हावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो, त्या हिशेबाने सीएल राखा. ज्या तारखेला तुम्ही हजर असण्याची गरज नाही, त्या तारखेला एकट्या वकिलाने जावं असं त्याला आधीच सांगा. गेलात तर कोर्टातून हजेरीचा दाखला मागून घ्या, कंपनीला तेवढा कागद पुरतो.

कापलेला पगार परत मागता येतो

हे फार कमी जणींना माहीत आहे. २००५च्या कायद्याच्या कलम २० मध्ये आर्थिक मदतीत ‘बुडालेली कमाई’ धरलेली आहे. म्हणजे मारहाणीमुळे, दवाखान्यामुळे, लपून राहावं लागल्यामुळे जे दिवस विनापगारी गेले, त्यांचे पैसे मारणाऱ्याकडून मागता येतात. त्यासाठी त्या महिन्यांच्या स्लिपा ठेवा आणि वहीत तारीख, कारण, कापलेली रक्कम लिहीत जा. वही ऑफिसात. समोरच्याने आदेशाप्रमाणे पैसे भरले नाहीत तर त्याच्या मालकाकडून थेट त्याच्या पगारातून वळते करून घेण्याचा आदेशही मॅजिस्ट्रेट देऊ शकतात.

‘नोकरी आहे म्हटल्यावर पोटगी मिळत नाही, आधी नोकरी सोड’ असा सल्ला देणारे नातेवाईक भेटतील, कधी कधी वकीलसुद्धा. ऐकू नका. कमाई हिशेबात धरली जाते, पण बाई कमावते एवढ्यावरून पोटगीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पुन्हा सांगितलं आहे. पोटगीचा आदेश यायचा तेव्हा येईल, पगार पाच तारखेला येतो. त्या पगारावर खोलीचं भाडं ठरतं.

कंपनीचं गेट

बाईने घर सोडलं की तिला शोधण्याची नक्की जागा एकच उरते, तिची नोकरी. घर बदलता येतं, शिफ्ट सुटण्याची वेळ त्याला पाठ असते. म्हणून २००५च्या कायद्याच्या कलम १८ खाली संरक्षण आदेश मागताना वकिलाला आठवणीने सांगा की त्यात तुमच्या कामाच्या ठिकाणी यायला मनाई हवी, आणि फोन, मेसेज, कसाही संपर्क करायलाही. ही तरतूद कायद्यात आहे, पण मागितली नाही तर राहून जाते. आदेशाची प्रत फुकट मिळते. एक सिक्युरिटीला, एक एचआरला द्या. आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो गेटवर आला तर गार्डने वाद घालायचा नाही, समजूत घालायची नाही, ११२ ला फोन करायचा.

आदेश येईपर्यंतही मागण्यासारखं पुष्कळ आहे. शिफ्टची वेळ बदलणं, मागच्या गेटने जाणं, बसचा थांबा बदलणं, रिसेप्शनवरून तिच्याबद्दल काही न सांगणं. कामाच्या ठिकाणी येणाऱ्या-जाणाऱ्यांपासून सुरक्षित वातावरण देणं हे लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात मालकाचं कर्तव्यच आहे. अर्जात तसा उल्लेख करा.

मालक आणि एचआर वाचत असतील तर

नवऱ्याला केबिनमध्ये बोलावून समजावू नका. आपल्याकडे मोठ्या साहेबांना हा मोह होतो, आणि हेतू चांगला असतो. पण त्या भेटीनंतर तो तिच्याबरोबर घरी जातो आणि दार लावून घेतो. एफआयआर मागू नका. अनेक जणी पोलिसात कधीच जात नाहीत, तरी त्यांना वेळ लागतोच. तिचा शब्द, किंवा फार तर समुपदेशक, डॉक्टर, वकील यांच्यापैकी एकाची चिठ्ठी पुरेशी माना. रजा रजिस्टरमध्ये ‘विशेष रजा’ एवढंच लिहा, स्लिपवर तेही नको. शिल्लक रजा तिला हातात ठेवू द्या आणि वर १० दिवस द्या. वर्षाला एखाद-दोन जणीच ती मागतील, आणि कामात मुरलेली बाई गेल्यावर नवी शिकवायला त्याहून जास्त दिवस जातात. याच शहरात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली हिंदू घटस्फोटाचा कायदा झाला होता. इथल्या कंपन्यांना दहा दिवस जड वाटू नयेत.

घरकामाला जाणाऱ्या बायकांना यातली कुठलीच रजा नाही. त्यांची रजा म्हणजे आपण, त्यांच्या मालकिणी. ती दहा दिवस आली नाही तरी महिना पूर्ण द्या आणि बदली बाई कायमची ठेवू नका.

पगार, पीएफ आणि परत कामावर

घर सोडायच्या आधीच्या महिन्यात पगाराचं खातं बदला. नवं खातं एकटीच्या नावावर, दुसऱ्या बँकेत, स्वतःच्या नंबरसह, आणि पासबुक-चेकबुक पोस्टाने घरी येणार नाही असं बघा. पगाराची फाइल कोणत्या तारखेला बंद होते ते विचारून त्याआधी खातं नंबर द्या, नाहीतर एक पगार जुन्या खात्यात जाईल. यूएएनला (पीएफच्या कायमच्या नंबरला) जोडलेला मोबाइल नंबर आणि पासवर्डही बदला. पीएफच्या योजनेत विवाहित बाईने नवऱ्याला कुटुंबातून वगळत असल्याचं पीएफ आयुक्तांना लेखी कळवलं, तर तो आणि त्याचे आईवडील तिच्या कुटुंबात धरले जात नाहीत, आणि मग नामनिर्देशन मुलांच्या किंवा स्वतःवर अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या नावे करता येतं.

मूळ कागद, म्हणजे आधार, पॅन, मुलांचे जन्मदाखले, शिक्षणाची सर्टिफिकेटं, थोडं सोनं असेल तर तेही, एकदम हलवू नका. डब्याच्या पिशवीतून रोज एक कागद न्या आणि लॉकरमध्ये ठेवा.

रजेनंतरच्या पहिल्या दिवशी लाइनवरच्या बायका विचारणारच. सुपरवायझरशी आधी एक वाक्य ठरवा, ‘कोर्टाचं काम होतं, झालं’, आणि दोघांनी तेवढंच म्हणायचं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टाइम ऑफिसला जाऊन उरलेली शिल्लक पुन्हा लिहून घ्या, कोर्टाची पुढची तारीख बघा आणि त्या दिवसाची सीएल लगेच घालून ठेवा.